अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर: लगेच करावं की थोडं थांबून?

निळाई

नमस्कार मंडळी. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड हातात आहे. त्यानंतर गाइडबरोबर काही डाइव्ह झाल्या, सगळ्या १८ मीटरच्या आतल्या. पाण्याची भीती आता वाटत नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढता येतं, कान वेळच्या वेळी मोकळे करते. दोन गोष्टी मात्र छळतात. तळाजवळ एखादा मासा बघत एका जागी थांबायचं म्हटलं की मी कधी वर उचलली जाते, कधी खाली बसते. आणि गटात हवा सगळ्यांत आधी माझीच संपत येते, त्यामुळे माझ्या पाण्यातल्या जोडीदाराला, म्हणजे बडीलाही लवकर वर यावं लागतं.

आता अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हा त्यापुढचा कोर्स करायचं मनात आहे. हात बसलेला आहे तोवर उरकून घे, असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, आधी भरपूर डाइव्ह कर आणि मग त्या वाटेला जा. या कोर्समध्ये नेमकं काय करून घेतात, निवडीच्या डाइव्हपैकी कोणत्या घ्याव्यात, १८ आणि ३० मीटरमध्ये खरंच एवढा फरक पडतो का, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. सविस्तर लिहा, मला घाई नाही.

दर्यावर्दी

चांगला धागा. आधी कोर्सची रचना सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत पाच डाइव्ह असतात. खोल पाण्याची आणि दिशा शोधण्याची या दोन सक्तीच्या, उरलेल्या तीन तुम्ही निवडायच्या: बॉयन्सी (पाण्यात तोल राखून तरंगणं), रात्रीची, प्रवाहातली, बुडालेल्या जहाजावरची, मासे ओळखण्याची, हरवलेली वस्तू शोधून वर उचलण्याची, अशी बरीच मोठी यादी आहे. प्रत्येक डाइव्ह ही त्या विषयाच्या स्वतंत्र स्पेशालिटी कोर्सची पहिली डाइव्ह म्हणून जमेस धरता येते. शेवटी मोठी लेखी परीक्षा नसते. त्या त्या विषयाचा धडा वाचायचा, प्रश्न सोडवायचे, त्यावर इन्स्ट्रक्टरशी बोलायचं आणि ठरलेली कामं पाण्यात करून दाखवायची. झालं की खोलीची मर्यादा १८ वरून ३० मीटरवर जाते. ४० मीटर ही हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द. तिथवर जायला डीप स्पेशालिटी वेगळी करावी लागते.

एसएसआय या दुसऱ्या संस्थेकडे याच धर्तीचा कोर्स अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर या नावाने आहे. त्यांचं अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर हे कार्ड मात्र चार पूर्ण स्पेशालिटी आणि एकूण २४ डाइव्ह झाल्यावरच मिळतं. बीएसएसी या संस्थेचा स्पोर्ट्स डायव्हर आणि सीमास या संस्थेचा टू स्टार हे कोर्स आणखी भारी, त्यांत बडीला वाचवून वर आणण्याचाही सराव असतो. तेव्हा दोघांच्या खिशात मधल्या पातळीचं कार्ड असलं तरी दोघांची तयारी सारखी असेलच असं धरून चालू नका.

शिंपला

माझं मत: थांबा.

तुम्हीच लिहिलंय की एका जागी स्थिर राहता येत नाही. ते जमेपर्यंत खोलीला हात लावू नये. ३० मीटरवर खोली, हवा, नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल एवढा वेळ) आणि बडी या चारही गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. तरंगणं अंगवळणी पडलेलं असलं की डोकं या चार गोष्टींसाठी मोकळं राहतं. तसं नसेल तर सगळं लक्ष इन्फ्लेटरच्या, म्हणजे अंगावरच्या जॅकेटात हवा भरायच्या बटणावर जातं आणि बाकी सगळं सुटतं. कोर्सच्या पाचही डाइव्हना नवा विषय, नवं काम. पाया पक्का करायला त्यात फुरसतच मिळत नाही.

पॅडीच्या नियमाप्रमाणे ओपन वॉटर संपल्या संपल्या हा कोर्स सुरू करता येतो. ओपन वॉटरच्या चार आणि या पाच, म्हणजे नऊ डाइव्ह झालेला माणूस कागदोपत्री ३० मीटरला जायला मोकळा. मला हे अजिबात पटत नाही.

चक्रधर

शिंपला, तुमची काळजी रास्त आहे, पण मी शिकवतो आणि माझा अनुभव वेगळं सांगतो.

थांबणारा माणूस त्या काळात काय करतो ते बघा. गाइडच्या मागे मागे पोहतो. गाइडचं लक्ष सगळ्या गटावर असतं, त्यामुळे तुमचे पाय खाली लोंबतायत, खाली जायला कमरेला लावलेलं वजन दोन किलो जास्त आहे, हात सतत वल्ह्यासारखे चालतायत, हे कोणी सांगत नाही. अशा पन्नास डाइव्ह झाल्या की तीच सवय पन्नास वेळा घोटली जाते, आणि मग ती मोडायला दुप्पट मेहनत लागते. त्यापेक्षा पाच डाइव्ह अशा माणसाबरोबर करा ज्याचं कामच तुमच्याकडे बघणं आहे.

अट एकच: इन्स्ट्रक्टर नीट निवडा. विचारायला लाजू नका. पहिली डाइव्ह बॉयन्सीची घेणार का? एका वेळी विद्यार्थी किती? दिशेच्या डाइव्हला कंपास प्रत्येकाच्या हातात असणार की गटात एकच? खोल डाइव्हच्या आधी हवेचं नियोजन कागदावर मांडून घेणार का? एखादं कौशल्य जमलं नाही तर ती डाइव्ह पुन्हा करू देणार का? या प्रश्नांवर जो वैतागतो त्याच्याकडे जाऊ नका. पाचही डाइव्ह दोन दिवसांत कोंबणारे पुष्कळ आहेत. नियमात ते बसतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी थकलेला माणूस काही शिकत नाही.

शिंपला

घोटलेल्या चुकीच्या सवयीचा मुद्दा मान्य. पण मग असंही करता येईल ना, की आधी फक्त बॉयन्सीची डाइव्ह इन्स्ट्रक्टरबरोबर करायची, मधे स्वतः सराव करायचा, आणि उरलेल्या चार नंतर?

चक्रधर

उत्तम सूचना. असं तोडून करता येतं. पॅडीत तीन अ‍ॅडव्हेंचर डाइव्ह झाल्या की अ‍ॅडव्हेंचर डायव्हरचं कार्डही मिळतं, आणि उरलेल्या दोन पुढे सवडीने करता येतात. लोक विचारत नाहीत म्हणून कोणी सांगत नाही.

निळाई

हे मला मुळीच माहीत नव्हतं, आभार. वजनाचा मुद्दा डोक्यात राहिला. ओपन वॉटरला जेवढं वजन दिलं होतं तेवढंच मी आजही लावते. ते जास्त आहे की नाही हे स्वतःचं स्वतः कसं ओळखायचं?

ओहोटी

माझा आवडता विषय, त्यामुळे लांबलचक लिहिते.

ओपन वॉटरला बहुतेकांना मुद्दाम थोडं जास्त वजन दिलं जातं, कारण शिकणारा माणूस घाबरून छाती भरून श्वास घेतो आणि खालीच जात नाही. नंतर श्वास शांत होतो, वजन मात्र तेवढंच राहतं.

तपासायची रीत अशी. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास उरलेले असताना, पूर्ण पोशाखात पृष्ठभागावर सरळ उभ्या राहा. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो, तोंडातच. बीसीडी (ते हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करा, नेहमीएवढा श्वास घेऊन धरा आणि पाय अजिबात मारू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेवर यायला हवं. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. श्वास धरलेला असतानाच डोकं पाण्याखाली गेलं तर वजन जास्त आहे. एक किलो काढा, पुन्हा बघा.

भरलेल्या सिलिंडरने तपासलंत तर वर साधारण दोन किलो धरावे लागतात, कारण हवेलाही वजन आहे. १२ लिटरचं सिलिंडर २०० वरून ५० बारवर आलं म्हणजे १८०० लिटर हवा गेली. लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरा, सव्वादोन किलोच्या घरात जातं. सुरुवातीला बरोबर वाटणारी माणसं शेवटी, वर येण्याआधीच्या थांब्याला, म्हणजे सेफ्टी स्टॉपला ५ मीटरवर थांबू शकत नाहीत, वर वर ओढली जातात, ती यामुळे.

आता तुमच्या दोन्ही अडचणी एकच कशा आहेत ते बघा. वजन जास्त, म्हणून ते तोलायला बीसीडीत हवा जास्त. तो मोठा फुगा मीटरभर वर गेलं की फुगतो, मीटरभर खाली गेलं की आकसतो, म्हणून तुम्ही वरखाली होता. वजन कमरेला आणि फुगा पाठीवर वरच्या बाजूला, म्हणून पाय खाली आणि छाती वर. असं तिरकं अंग पाण्यातून ढकलायला जास्त ताकद लागते, ताकद लागली की हवा लागते. वजन दोन किलोने कमी झालं आणि अंग आडवं झालं की हवा आपोआप पुरते. हवा वाचवायला श्वास रोखून धरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने फुफ्फुसाला इजा होऊ शकते, डोकं दुखतं ते वेगळंच.

आणि इन्फ्लेटर. बटणावर बोट टेकवायचं आणि लगेच उचलायचं, ‘प्स’ एवढाच आवाज. मग थांबायचं. पाणी लगेच उत्तर देत नाही, दोन-तीन सेकंद जातात. नवीन माणूस त्या दोन सेकंदांत दुसऱ्यांदा बटण दाबतो, मग वर जाऊ लागला की घाबरून सगळी हवा सोडतो, आणि हे चक्र डाइव्हभर चालतं. श्वासाचंही तसंच: आत घेतलेला श्वास परिणाम दाखवायला क्षणभर घेतो. सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटं यासाठी सोन्यासारखी आहेत. दोरी न पकडता, फक्त श्वासावर, ५ मीटरचा आकडा खोली-वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर हलू द्यायचा नाही. उथळ पाण्यात दाबाचा फरक टक्केवारीने सगळ्यांत जास्त असतो, म्हणून तिथे जमलं की खाली सोपं जातं.

फेसाळ

ओहोटीताईंच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

दर्यावर्दी

निळाई, हवा लवकर संपते हे तुम्ही आत्ताच ओळखलंत हे फार चांगलं. खोल डाइव्हचं सगळं गणित त्यावरच उभं आहे, आणि ते बऱ्याच ठिकाणी घाईत उरकलं जातं. इथे मांडतो.

समुद्रात दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. वर १ बार, १८ मीटरला २.८, ३० मीटरला ४. जो माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो तो ३० मीटरवर ८० लिटर घेतो. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला म्हणजे २४०० लिटर. अर्ध्या तासात पार रिकामं, आणि ते वर येण्याचा हिशेब न करता.

आता राखीव किती ठेवायची? ५० बारला बोटीवर परत, एवढंच बहुतेकांना पाठ असतं. खरा प्रश्न असा की ३० मीटरवर बडीची हवा अचानक बंद पडली आणि दोघांना तुमच्या एकाच सिलिंडरवर वर यायचं असेल तर किती लागेल. घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो, म्हणून प्रत्येकी २५ लिटर धरा, दोघांचे ५०. तळाशी सावरायला एक मिनिट: ५० गुणिले ४, म्हणजे २००. तिथून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने जवळपास तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: सुमारे ४१०. सेफ्टी स्टॉप तीन मिनिटं दीड बारला: २२५. शेवटचे ५ मीटर सावकाश: साधारण ६०. बेरीज ९०० लिटरच्या आसपास, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ७५ बार. ११ लिटरचं असेल तर ८२. तेव्हा ३० मीटरवरून निघायची वेळ ८० बारला होते. ५० ला निघणारा बडीला वाचवताना मधेच अडकेल.

८० बाजूला ठेवले की १२० बार उरतात, १४४० लिटर. ८० ने भागा: १८ मिनिटं, उतरायला लागलेल्या वेळासकट. पॅडीच्या तक्त्यात ३० मीटरची नो-डेको मर्यादा २० मिनिटं आहे, १८ मीटरची ५६. १८ मीटरवर तुम्हाला घड्याळाने कधी अडवलं नसेल. ३० वर घड्याळ आणि गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा) दोन्ही जवळपास एकदमच संपतात. तुम्ही मिनिटाला २५ लिटर घेत असाल तर १४ मिनिटांतच निघावं लागेल. फरक पडतो का या तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. १० मीटरवर एकसारख्या खोलीवर दहा मिनिटं नेहमीसारखं पोहा, आधी आणि नंतर गेज वाचा. समजा १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ४० बार गेले. ४८० लिटर, दहा मिनिटांत. मिनिटाला ४८, तिथला दाब २ बार, म्हणजे तुमचा आकडा २४. हे लॉगबुकात लिहीत जा. वजन सुधारलं की आकडा कसा खाली येतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

मासोळी

दुसरं उत्तर मी देते: डोकं.

माझ्या खोल डाइव्हला इन्स्ट्रक्टरने पाटीवर आकडे विस्कटून लिहून दिले होते. क्रमाने बोट लावत जायचं, तो वेळ मोजणार. आधी बोटीवर, मग खाली. वर झरझर झालं. खाली मी तेच करत होते, आणि मला मी अगदी व्यवस्थित करतेय असं वाटत होतं. नंतर त्याने दोन्ही वेळा दाखवल्या तेव्हा फरक कळला. नायट्रोजनची ही गुंगी अशीच असते, आपण मंदावलोय हे आपल्यालाच कळत नाही. काहींना हसू येतं, काहींना उगाच धास्ती वाटते, काही एकाच गोष्टीकडे टक लावून बसतात. त्याच माणसाला एका दिवशी जाणवते, दुसऱ्या दिवशी नाही. जोरात पाय मारून धाप लागली असेल तर जास्त, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड ती वाढवतो. उपाय साधा आहे: काही मीटर वर या, बहुतेकदा लगेच निवळते.

मी तेव्हापासून खाली गेज बघितलं की आकडा बडीला बोटांनी दाखवते, त्याचाही विचारते. नुसतं बघणं आणि आकडा डोक्यात उतरणं या ३० मीटरवर वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोटांनी दाखवायचा म्हटला की तो उतरावाच लागतो.

रंगांचं कामही सुंदर असतं. रंगांची पट्टी खाली घेऊन जातात. लाल सगळ्यांत आधी जातो, काही मीटरमध्येच मळकट होतो आणि खोलवर तपकिरी-काळा दिसतो. मग नारिंगी, मग पिवळा. माझ्या पायातल्या फिनवरची लाल पट्टी खाली काळी झाली होती, तिच्यावर टॉर्च मारला आणि ती एकदम लालभडक झाली. ज्या कपारी मी करड्या समजून पुढे गेले असते त्यांत त्या टॉर्चने लाल-नारिंगी स्पंज दिसायला लागले.

चक्रधर

मासोळी, बोटांनी आकडा दाखवायची सवय मी सगळ्यांना लावतो. फार उपयोगी.

दिशेच्या डाइव्हबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. लोक तिला कंटाळवाणी समजतात आणि पुढे आयुष्यभर गाइडच्या फिन्सकडे बघत पोहतात. यात आधी ठराविक अंतर पोहून आपल्या किती किक होतात आणि किती वेळ लागतो ते मोजतात. मग कंपासवर सरळ जाऊन उलट्या दिशेने परत यायचं, आणि मग चौकोन: प्रत्येक कोपऱ्यावर ९० अंश वळून सुरुवातीच्या जागी. कंपास अंगाच्या मध्यरेषेत, दोन्ही हातांनी समोर, आडवा धरा. तिरका झाला की सुई किंवा तबकडी अडकते आणि तुम्ही खात्रीने चुकीच्या दिशेला जाता. खाली डोकं घालून कंपासकडे बघत पोहू नका. रेषेवरचा दूरचा एखादा दगड हेरा, तिथवर जा, पुन्हा हेरा. बुडालेल्या जहाजाच्या लोखंडाजवळ कंपासवर विसंबू नका.

कंपासइतकंच निसर्गाकडे बघायला शिका. किनाऱ्याजवळ वाळूवरच्या लाटांच्या रेघा साधारण किनाऱ्याला समांतर असतात. उतार कुठल्या बाजूला, प्रवाह कुठून, सूर्य कुठे, हे उतरतानाच मनात नोंदवा. आणि सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करा, म्हणजे दमल्यावर तोच प्रवाह परत आणतो.

निळाई

दर्यावर्दी, गणित वहीत उतरवून घेतलं. कोर्सच्या आधी माझा आकडा काढूनच जाईन. निवडीच्या तीनपैकी बॉयन्सी नक्की. रात्रीच्या डाइव्हचं आकर्षण आहे आणि भीतीही. जहाज आणि प्रवाह यांतलं काय घ्यावं?

रातकिडा

रात्रीची घ्याच. भीती उतरेपर्यंतच असते. पृष्ठभागावर काळं पाणी बघून छातीत धडधडतं, खाली गेलं की सगळं जग टॉर्चच्या उजेडाएवढं होतं आणि मन एकदम शांत होतं. दिवसा ज्या खडकावर आपण दोन मिनिटं थांबत नाही तिथे रात्री अर्धी डाइव्ह जाते.

तयारी: प्रत्येकाकडे दोन टॉर्च, एक मुख्य, एक राखीव, शिवाय सिलिंडरला लहान खुणेचा दिवा. दिवसा पाहिलेली जागाच रात्री निवडा. उजेडाने मोठं वर्तुळ म्हणजे ठीक आहे, उजेड झपाट्याने आडवा हलवला की इकडे लक्ष द्या. हाताची खूण करताना उजेड स्वतःच्या हातावर टाका, बडीच्या डोळ्यांवर कधीही नको. बडीचा दिवा दिसेनासा झाला तर तेवढा एक मिनिट शोध, मग सावकाश वर, दिवसासारखंच.

काय दिसेल? काही जातींचे पोपटमासे रात्री कपारीत स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून झोपतात. टॉर्च थोडा बाजूला धरून बघितलं तर त्या पिशवीवर वाळूचे बारीक कण चिकटलेले दिसतात आणि आत कल्ला सावकाश हलताना दिसतो. जागं करू नका, पुढे सरका. शेवटी सगळ्यांनी टॉर्च छातीशी दाबून झाकायचे आणि हात हलवायचा. पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव असतील तर बोटांमागून ठिणग्या उडतात.

शिंपला

जहाज की प्रवाह, तर मी प्रवाह म्हणेन. त्यात पृष्ठभागावरचा खुणेचा फुगा खालून सोडायला शिकतात, आणि ते कौशल्य सगळीकडे लागतं. बोटीला तुम्ही कुठे वर येताय ते त्यानेच कळतं. फुगा सोडताना रील (फुग्याच्या दोरीचं रीळ) अंगात कुठेही अडकलेली नाही ना ते दोनदा बघा, आणि रील अडकली तर सोडून द्यायची. ती धरून ठेवली तर फुग्याबरोबर तुम्हीही वर जाल.

जहाजाचं आकर्षण मला कळतं. लाल समुद्रातलं थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालं. ते सुमारे ३० मीटरच्या तळावर आहे, आणि त्याच्या पोटात ट्रक आणि मोटरसायकली अजून उभ्या आहेत. अशा जागांसाठीच लोक हे कार्ड काढतात. पण एका डाइव्हने जहाजाच्या आत शिरायची परवानगी मिळत नाही. आत गाळ असतो, फिनचा एक फटका आणि काहीच दिसत नाही, आणि डोक्यावर छत असल्यामुळे सरळ वर येता येत नाही. बाहेरून बघा, ते पुष्कळ आहे.

फेसाळ

नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाचं काय? ते अ‍ॅडव्हान्स्डबरोबर करावं का?

दर्यावर्दी

जमलं तर करा, पण कशासाठी ते समजून. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३० मीटरवर नायट्रोजनच्या हिशेबाने हवेच्या २४-२५ मीटरइतकं पडतं, त्यामुळे २० मिनिटांच्या जागी जवळपास ३० मिळतात. पण ऑक्सिजनचा अंशदाब (एकूण दाबातला त्याच्या वाट्याचा दाब) १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणून ३२ टक्क्यांची हद्द ३३ मीटरच्या आसपास येते, ३६ टक्क्यांची २९ च्या आतच. सिलिंडर प्रत्येक वेळी स्वतः अ‍ॅनलायझरने तपासायचं, कोणी सांगितलं म्हणून मान्य करायचं नाही. गुंगी कमी होईल या आशेने घेऊ नका. आणि निळाईंच्या बाबतीत अडचण हवा जास्त लागण्याची आहे, वाढीव मिनिटं वापरायला सिलिंडरच पुरणार नाही. आधी तो आकडा खाली आणा.

ओहोटी

दोन गोष्टी राहिल्या म्हणून पुन्हा येते. सर्दी असेल तर खोल डाइव्ह पुढे ढकला. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला तर वर येताना कान-सायनसमधली हवा अडकते, आणि वर यावं तर लागतंच. दुसरं, आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, हृदय, फुफ्फुसाचा जुना आजार, काहीही असेल तर डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांचा होकार घ्या.

परतीचं विमानही आधीच लक्षात घ्या. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकच नो-डेको डाइव्ह असेल तर निदान १२ तास, रोज किंवा एकाहून जास्त डाइव्ह असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. कोर्समध्ये तुम्ही दुसऱ्या गटात. मी स्वतः पूर्ण दिवस मोकळा ठेवते.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहिते. आधी फक्त बॉयन्सीची डाइव्ह, इन्स्ट्रक्टरबरोबर, वजन नव्याने तपासून. मग काही काळ नुसता सराव आणि हवेचा आकडा. तो २० च्या जवळ आला की दिशा, प्रवाह, रात्र आणि शेवटी खोल. खोल शेवटी ठेवलेली चालेल ना?

चक्रधर

अनुक्रम चांगला आहे, एक बदल सुचवतो. खोल डाइव्ह कोर्सच्या शेवटी ठेवा, पण त्या दिवसाची पहिली डाइव्ह तीच असू द्या. रात्रीच्या डाइव्हनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप झालेली असताना, शरीरात साठलेला नायट्रोजन बराच उतरलेला असताना. दिवसाची दुसरी म्हणून घेतलीत तर कॉम्प्युटर २० मिनिटांच्या जागी बरीच कमी वेळ दाखवेल आणि पाटीवरचं काम घाईत होईल. ३० मीटर गाठलंच पाहिजे असंही नाही, १८ च्या खाली गेलं की ती खोल डाइव्ह धरली जाते. पहिल्या वेळी २४-२५ मीटर मागून घ्या. कॉम्प्युटर स्वतःचा, बडीचा बघून चालायचं नाही. उतरताना दोरीचा आधार घ्या, २० मीटरला थांबून बडीबरोबर एकदा गेज आणि खूण, मग पुढे.

आकडा २० च्या जवळ आला की इथेच लिहा, हवेचं नियोजन तुमच्या सिलिंडरप्रमाणे मांडून देतो.